कारखान्याची रायफल, कारागिराची रायफल

अमेरिकेत जुनी लष्करी अर्धस्वयंचलित रायफल विकत घेणाऱ्यापुढे एक निवड हटकून येते. एकीकडे साधी रायफल असते, सैनिकाच्या हाती दिली जायची तशीच. दुसरीकडे तिचीच ‘नॅशनल मॅच’ आवृत्ती असते, स्पर्धेसाठी खास तयार केलेली. दोघी दिसायला जवळजवळ सारख्या, काडतूस एकच, आणि किमतीत मात्र भरपूर अंतर. एम-१ गॅरंडच्या बाबतीत हा प्रश्न १९५०च्या दशकापासून आहे, एम-१४ आणि तिच्यावरून बनलेल्या नागरी रायफलींच्या बाबतीत तो आजही आहे. त्यावर मिळणारा नेहमीचा सल्ला असा की पैसे असतील तर मॅच घ्या, नसतील तर साधी. हा सल्ला मला मुळातच चुकीचा वाटतो. मॅच रायफल ही साध्या रायफलीच्या वरची पायरी आहे, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. इतिहास वेगळंच दाखवतो. साधी रायफल घडली ती बंदुकीच्या कामातून कारागिराचा हात काढून टाकण्याच्या दीर्घ प्रयत्नातून, आणि मॅच रायफल घडली ती तोच हात परत आणून. दोन्हींचे गुण एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जातात. त्यामुळे एक घेताना दुसरीतलं काहीतरी सोडावंच लागतं.

या गोष्टीचं मुख्य ठिकाण म्हणजे मॅसॅच्युसेट्समधलं स्प्रिंगफील्ड. तिथल्या सरकारी शस्त्र कारखान्यात १७९५ मध्ये बंदुका बनवायला सुरुवात झाली. त्या काळी प्रत्येक बंदूक वेगळी असे. चापाचा एखादा भाग मोडला तर दुसऱ्या बंदुकीतला भाग तिथे बसत नसे. कानस घेऊन बसणारा माणूस तो घासून बसवी. सैन्यासाठी ही मोठी अडचण होती, कारण रणांगणामागे कानसवाले किती नेणार? म्हणून पुढची काही दशकं स्प्रिंगफील्डने आणि हार्पर्स फेरीच्या दुसऱ्या सरकारी कारखान्याने एकाच ध्येयामागे घालवली: कुठलाही भाग कुठल्याही बंदुकीत बसला पाहिजे. थॉमस ब्लँचर्डने वेड्यावाकड्या आकाराचे लाकडी दस्ते एका नमुन्यावरून कोरून काढणारं यंत्र बनवलं, जॉन हॉलने हार्पर्स फेरीला मापांची शिस्त आणली, आणि १८४२ च्या नमुन्याच्या मस्केटपर्यंत हे ध्येय दोन्ही कारखान्यांत साध्य झालं. पुढे घड्याळं, शिवणयंत्रं, सायकली ज्या पद्धतीने बनल्या, तिचं मूळ बरंचसं या कारखान्यांत आहे. अदलाबदलीची एक किंमत मात्र असते. कुठलाही भाग कुठेही बसायचा, तर प्रत्येक जोडात थोडी मोकळीक ठेवावी लागते. ती मोकळीक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. चिखल, वाळू, काजळी आणि थंडीत गोठलेलं तेल या सगळ्यांसकट यंत्र चालू राहतं ते तिच्यामुळेच.

स्पर्धांचा प्रवाह वेगळीकडून आला. १९०३ मध्ये, थिओडोर रूझवेल्ट अध्यक्ष आणि एलिहू रूट युद्धमंत्री असताना, नेमबाजीला उत्तेजन देण्यासाठी एक राष्ट्रीय मंडळ स्थापन झालं आणि त्याच वर्षी न्यू जर्सीतल्या सी गर्टला पहिले राष्ट्रीय सामने भरले. १९०७ पासून ते ओहायोमध्ये, लेक ईरीच्या काठावरच्या कॅम्प पेरीला हलले. या सामन्यांमागची कल्पना अशी की गरज पडली तर नागरिकाला सैनिक होता आलं पाहिजे. म्हणून मुख्य सामने सैन्याच्याच रायफलीने खेळायचे. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे नेमबाजी म्हटलं की तेजस्विनी सावंत किंवा स्वप्नील कुसाळे यांच्या हातातली ऑलिंपिक पद्धतीची रायफल येते. ती पहिल्यापासून खेळासाठीच घडवलेली असते, तिच्यावर युद्धाचं कसलंच ओझं नसतं. कॅम्प पेरीचा पेच त्यापेक्षा वेगळा होता. तिथे युद्धासाठी बनलेल्या यंत्राकडून खेळातलं यश मागितलं जात होतं, आणि तेही त्याचं बाह्यरूप न बदलता.

सैन्याची रायफल हाताने खटका (बोल्ट) ओढायची होती, तोवर हा पेच फारसा जाणवला नाही. १९०३ ची स्प्रिंगफील्ड रायफल मुळातच नेमकी होती. पहिल्या महायुद्धानंतर तिची मॅच आवृत्ती निघाली, ती मुख्यतः निवडीवर उभी होती. स्टार गेज नावाचं मापक नळीत घालून आतला व्यास इंचाच्या दहा हजाराव्या भागापर्यंत मोजत, आणि मापात उतरलेल्या नळीच्या तोंडाशी ताऱ्याची खूण ठोकत. शिवाय खटका आणि त्याचा मार्ग गुळगुळीत करत. म्हणजे कारखान्याच्याच ढिगातून उत्तम ते वेचायचं आणि थोडं पॉलिश करायचं. तेव्हाची मॅच रायफल खरोखरच साध्या रायफलीची वरची प्रत होती, आणि ती घेताना खिशाखेरीज फारसं काही सोडावं लागत नव्हतं. आजचा ‘पैसे असतील तर मॅच घ्या’ हा सल्ला माझ्या मते त्या काळाचा अवशेष आहे. रायफल बदलली, सल्ला तसाच राहिला.

बदल घडवला जॉन गॅरंड यांनी. क्वेबेकमध्ये जन्मलेले गॅरंड १९१९ पासून स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात होते. त्यांची एम-१ रायफल जानेवारी १९३६ मध्ये सैन्याने स्वीकारली. सुमारे सव्वाचार किलो वजन, आठ काडतुसांची क्लिप, आणि प्रत्येक गोळीनंतर पुढचं काडतूस आपोआप नळीत. गॅरंड यांचं मोठेपण फक्त रचनेत नाही. ती रायफल लाखोंनी बनवता येईल अशी यंत्रसामग्रीही त्यांनीच आखली. स्प्रिंगफील्डच्या जुन्या ध्येयाचे ते सर्वांत सच्चे वारसदार होते. आपले हक्क त्यांनी सरकारला देऊन टाकले आणि त्यांना एक लाख डॉलर देण्याचा प्रस्ताव काँग्रेसमध्ये मंजूर झाला नाही, ही गोष्ट त्यांच्याबद्दल लिहिताना वगळणं मला योग्य वाटत नाही.

पण याच रचनेने नेमबाजांची पंचाईत केली. गोळी सुटताना नळी थरथरते, आणि ती दर वेळी अगदी तशीच थरथरली तरच गोळ्या एका जागी पडतात. खटक्याच्या रायफलीत नळीला लाकूड सोडलं तर फारसं काही चिकटलेलं नसतं. गॅरंडमध्ये नळीच्या टोकाशी वायूचं नळकांडं अडकवलेलं आहे, त्यात दट्ट्याचं काम करणारा लांब दांडा आहे, तो दांडा आणि त्याची स्प्रिंग नळीखालून मागे जातात, वर लाकडी आवरणं बसतात, आणि हे सारं यंत्र दस्त्यात फक्त चापाच्या कडीने आवळून धरलेलं असतं. यातला प्रत्येक स्पर्श दर गोळीगणिक किंचित बदलू शकतो. १९४० च्या सुमारास ‘अमेरिकन रायफलमन’सारख्या नेमबाजांच्या मासिकातून एम-१ वर टीका झाली, ती बरीचशी या जाणिवेतून. ताऱ्याची खूण असलेल्या स्प्रिंगफील्डवर वाढलेल्या लोकांना ही रायफल सैल वाटली. त्यांचं निरीक्षण खोटं नव्हतं. पण सैन्याचा निर्णय बरोबर होता. शिपायाला कागदावरच्या वर्तुळापेक्षा चिखलात न अडकणारी आणि भरभर चालणारी रायफल हवी होती. दुसऱ्या महायुद्धात स्प्रिंगफील्ड आणि विंचेस्टर या दोन कारखान्यांनी मिळून सुमारे चाळीस लाख एम-१ बनवल्या, आणि त्या काळात कॅम्प पेरीवर सामन्यांऐवजी जर्मन आणि इटालियन युद्धकैद्यांची छावणी होती.

युद्धानंतर सामने पुन्हा बहरले तेव्हा सैन्याची रायफल एम-१ होती, त्यामुळे सामन्यांचीही तीच. १९५३ पासून साधारण दहा वर्षं स्प्रिंगफील्डने एम-१ ची नॅशनल मॅच आवृत्ती तयार केली, आणि या वेळी नुसती निवड पुरेना. नळ्या निवडल्या जातच होत्या. त्याखेरीज वायूचं नळकांडं नळीवर हलणार नाही असं बसवायचं, दांडा कुठे घासू नये म्हणून हाताने जुळवायचा, चाप साडेचार पौंडांच्या नियमात राहून स्वच्छ सुटेल असा करायचा, माशी अरुंद करायची, मागच्या नेमाच्या भोकावर टोपी चढवून तो कोनाच्या अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने सरकेल असा करायचा. दशक सरताना त्यात काचतंतूमिश्रित रेझिनचा थर आला. दस्ता आतून कोरायचा, त्यात हा लगदा भरायचा, वर लोखंडी यंत्र दाबून बसवायचं आणि सुकू द्यायचं. सुकलेला साचा फक्त त्याच एका रायफलीला बसतो. ज्या कारखान्याने भागांच्या अदलाबदलीसाठी कितीतरी दशकं झिजवली, त्याच कारखान्यात आता कारागीर एका दस्त्याचं एका यंत्राशी लग्न लावत होते. त्या दोघांना वेगळं केलं की सगळी मेहनत वाया.

या थराची गरज का पडली, हे मराठी माणसाला फार समजावावं लागू नये. पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकणारं दार आणि उन्हाळ्यात खडखडणारं तेच दार आपल्या प्रत्येक घरात आहे. अक्रोडाच्या दस्त्याचंही तसंच होतं. हवेतला ओलावा बदलला की लाकडाचा दाब बदलतो आणि काल नीट लावलेला नेम आज हलतो. काचेचा थर हा दोष बराच कमी करतो, पण स्वतःच्या अटी घालतो. सफाईसाठी यंत्र वारंवार दस्त्याबाहेर काढायचं नाही, कारण प्रत्येक वेळी साच्याच्या कडा थोड्या झिजतात. तेल आणि सफाईची रसायनं थरात मुरू द्यायची नाहीत. बरेच सामने झाले की थर पुन्हा घालून घ्यायचा, आणि तो घालणारा जाणकार शोधायचा. साध्या रायफलीला यातलं काही लागत नाही. भिजली की सोडवा, पुसा, तेल लावा, जोडा. दोनशे यार्डांवर नेम जरा इकडेतिकडे झाला तर मागच्या नेमाची एक-दोन टिचकी पुरते.

आता अचूकतेचा हिशेब मांडू, कारण मॅचच्या बाजूचं मुख्य म्हणणं तेच आहे. अंतरावरचा फैलाव कोनाच्या मिनिटात मोजतात. एक मिनिट म्हणजे शंभर यार्डांवर एका इंचाहून किंचित जास्त. अमेरिकेतल्या सध्याच्या सर्व्हिस रायफल सामन्यात दोनशे आणि तीनशे यार्डांवरच्या लक्ष्यातलं दहा गुणांचं वर्तुळ सात इंचांचं असतं, सहाशे यार्डांवर बारा इंचांचं. म्हणजे दोनशेवर सुमारे सव्वातीन मिनिटांची मुभा, तीनशेवर सव्वादोनची, सहाशेवर दोनहून कमी. चांगल्या स्थितीतल्या साध्या एम-१ चा फैलाव चार मिनिटं धरा आणि नीट बसवलेल्या मॅचचा दोन, तर सहाशे यार्डांवर साधी रायफल मागे पडणार हे उघड आहे. तिथे वाद नाही. पण रायफल एकटी गोळी मारत नाही; तिच्या फैलावात माणसाचा फैलाव मिसळतो, आणि दोन स्वतंत्र चुका सरळ बेरजेने वाढत नाहीत, त्यांच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने वाढतात. उभं राहून नेम धरणाऱ्या साधारण नेमबाजाचा स्वतःचा फैलाव आठ मिनिटं असेल, तर साध्या रायफलीसह एकूण होतो जवळजवळ नऊ आणि मॅचसह सव्वाआठ. सुधारणा आठ टक्क्यांचीही नाही. ज्याचा स्वतःचा फैलाव दोन मिनिटांवर आला आहे, त्याचा एकूण फैलाव मात्र साडेचारवरून तीनच्या आत येतो, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त घट. एकच रायफल एकाला जवळजवळ काही देत नाही आणि दुसऱ्याला खूप देते. म्हणून आधी माणसाचा फैलाव कळला पाहिजे, आणि तो कळायला साधी रायफल आणि भरपूर काडतुसं पुरतात. मॅच रायफलीत घातले जाणारे जादा पैसे सुरुवातीच्या वर्षांत काडतुसांवर आणि सरावावर खर्च करावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. मॅच रायफल नाजूक असेल तर ती युद्धात कशी गेली? एम-१ नंतर १९५७ मध्ये सैन्याने एम-१४ स्वीकारली. १९६० च्या दशकात तिचीही नॅशनल मॅच आवृत्ती निघाली, आणि व्हिएतनामसाठी लपून मारा करणाऱ्यांची रायफल हवी झाली तेव्हा याच मॅच एम-१४ वर दुर्बीण चढवून पुढे एम-२१ म्हणून ओळखली गेलेली रायफल तयार झाली. हे सगळं खरं आहे. पण तिला त्या हवेत टिकवण्यासाठी काय करावं लागलं तेही पाहावं. तिचा लाकडी दस्ता इपॉक्सीने भिजवून ओलाव्याला बंद केला, यंत्र रेझिनच्या थरात बसवलं, आणि ती दस्त्यातून काढायचं काम शिपायाचं न राहता शस्त्रकारागिराचं झालं. म्हणजे रायफलीबरोबर कारागीरही युद्धावर गेला. मोजक्या निवडक माणसांसाठी हा खर्च योग्य होता. पलटणीसाठी तो अशक्य होता. १९८८ मध्ये अमेरिकन सैन्याने एम-२१ च्या जागी एम-२४ आणली, ती पुन्हा हाताने खटका ओढायची रायफल होती. तेव्हा एम-२१ चं उदाहरण माझ्या मुद्द्याला बाधा आणत नाही. मॅचपणा टिकवायला एक माणूस कायम राबावा लागतो, हेच त्यातून दिसतं.

दुसरा आक्षेप व्यवहारातला आहे. जुनी साधी रायफल म्हणजे कुणी कशी वापरली कोण जाणे. मॅच घेतली तर निदान दर्जाची खात्री. ही भीती रास्त आहे, पण तिचं उत्तर ‘मॅच’ या शिक्क्यात नाही. सरकारी साठ्यातल्या एम-१ नागरिकांना विकण्याचं काम पूर्वी सैन्याच्या नागरी नेमबाजी विभागाकडे होतं. १९९६ च्या कायद्याने ते सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम या संस्थेकडे गेलं. ही संस्था रायफलींची प्रतवारी करताना नळीची झीज दोन ठिकाणी मापकाने तपासते: काडतुसाच्या पुढे जिथून गोळी नळीत शिरते तिथे, आणि तोंडाशी. खरी खात्री या दोन आकड्यांत असते. लाकडावरचे ओरखडे पाहून रायफल नाकारणारा बहुतेकदा चांगली नळी हातची घालवतो, आणि झिजलेल्या नळीची जुनी मॅच रायफल मिरवणारा नुसत्या शिक्क्याचे पैसे मोजतो. काडतुसांचंही असंच आहे. एम-१ चा लांब दांडा ठरावीक दाबासाठी बनलेला आहे. सावकाश जळणाऱ्या दारूची जड शिकारी काडतुसं त्यात घातली तर तो वाकतो. महाग काडतूस म्हणजे चांगलं काडतूस, हा समजही इथे खरा ठरत नाही.

एम-१४ पूर्ण स्वयंचलितही चालू शकत असल्यामुळे ती नागरिकांना सहज मिळत नव्हती. ती पोकळी इलिनॉयमधल्या जेनेसियो गावच्या एका खासगी कंपनीने १९७४ पासून भरून काढली. १९६८ मध्ये बंद झालेल्या सरकारी कारखान्याचं नाव, स्प्रिंगफील्ड आर्मरी, या कंपनीने वापरलं आणि एम-१ए ही फक्त अर्धस्वयंचलित रायफल विकली. तिच्या यादीत स्टँडर्ड, लोडेड, नॅशनल मॅच, सुपर मॅच अशा चढत्या किमतीच्या आवृत्त्या आल्या. अशी यादी समोर आली की ग्राहकाला जिना दिसतो आणि वरच्या पायरीची ओढ लागते. सुपर मॅचमध्ये जड नळी येते, थर घातलेला जड दस्ता येतो. सहाशे यार्डांवर झोपून मारताना हे वजन मदत करतं, आणि तीच रायफल दिवसभर खांद्यावर वागवणाऱ्याला नकोशी होते. मधली लोडेड आवृत्ती, म्हणजे चांगली नळी आणि चांगला नेम पण थर नाही, ही मला यातली सर्वांत समंजस निवड वाटते. कारागिरावर कायमचं अवलंबून न राहता नळीचा फायदा तिच्यात मिळतो.

सर्वांत कठीण आक्षेप एआर-१५, म्हणजे लष्करी एम-१६ च्या घडणीची नागरी रायफल, उभा करते. १९९० च्या दशकात अमेरिकन लष्कराच्या नेमबाज तुकडीने एम-१६ घडणीच्या रायफली घेऊन सामने जिंकायला सुरुवात केली, आणि थोड्याच वर्षांत फायरिंग लाइनवरच्या लाकडी रायफली विरळ झाल्या. तिच्या पुढच्या आवरणाखाली एक नळकांडं बसवलं की नळीला हाताचा किंवा पट्ट्याचा स्पर्शच होत नाही. चांगली नळी, चांगला चाप, हे नळकांडं, सगळे भाग दुकानातून आणून घरी जोडता येतात, आणि मॅचची अचूकता कानसीशिवाय मिळते. मग मॅचपणा म्हणजे कारागिराचा हात, हे माझं म्हणणं कोसळतं का? एम-१ आणि एम-१४ पुरतं तरी नाही. तिथली अडचण रचनेतच होती: लाकडात आवळलेलं यंत्र आणि नळीला लटकलेले भाग. एआर-१५ मध्ये नळी दस्त्याला टेकतच नाही, म्हणून तिथे कारागिराची गरज उरली नाही. आणि तिथे साधी की मॅच हा प्रश्न पुन्हा १९०३ च्या स्प्रिंगफील्डसारखा सोपा होतो. बऱ्याच अंशी तो खरोखर पैशांचा असतो. नेहमीचा सल्ला एआर-१५ ला लागू पडतो आणि गॅरंडला पडत नाही, याचं कारण हेच.

या बदलाने एम-१ ची मॅच आवृत्ती विचित्र जागी येऊन पडली. सर्व्हिस रायफल सामन्यात तिला एआर-१५ शी टक्कर द्यावी लागते, आणि २०१६ पासून तिथे साडेचार पटींपर्यंतच्या दुर्बिणींनाही परवानगी आहे. दुसरीकडे १९९८ मध्ये कॅम्प पेरीला जॉन सी. गॅरंड यांच्या नावाचा सामना सुरू झाला. दोनशे यार्ड, नोंदीच्या तीस गोळ्या, झोपून सावकाश, झोपून भरभर आणि उभं राहून. भरभर माऱ्याच्या दहा गोळ्यांसाठी आधी दोन काडतुसं भरायची आणि मग आठची क्लिप, जुन्या रीतीने. या सामन्यात रायफल सैनिकाला मिळायची तशीच असावी लागते. काचेचा थर चालत नाही, मॅचचे नेम चालत नाहीत, चाप साडेचार पौंडांपेक्षा हलका चालत नाही. स्प्रिंगफील्डच्या कारागिरांनी दहा वर्षं हाताने बसवलेली एम-१ नॅशनल मॅच तिथे आहे त्या रूपात उतरवता येत नाही, आणि सरकारी साठ्यातून आलेली, ओरखड्यांची, सैल जोडांची साधी एम-१ सरळ फायरिंग लाइनवर जाते.